एवारिस्तोची जीभ

"एवारिस्तोचं बाहेर कुठेतरी जुळलंय," ओबदुलिया म्हणाली.

माझ्या तोंडात टाचण्या होत्या. पुतळ्यावर चढवलेल्या नवरीच्या झग्याची कड मी टाचत होते. एकेक टाचणी काढून उशीत खोचली आणि विचारलं, "कशावरून?"

"काल त्याने माझ्या सूपाचं कौतुक केलं."

मी दुकानाचं दार लोटून घेतलं आणि तिला खुर्ची दिली. प्रकरण गंभीर होतं.

"कसलं सूप?"

"शेवयांचं. साधं, रोजचं. टोमॅटो करपला होता गं त्यात, वाढताना मलाच लाज वाटत होती. हा दोन वाट्या प्यायला. वर म्हणतो, ओबदुलिया, तुझ्या हाताला काय चव आहे."

"असं म्हणाला?"

"असंच," ती म्हणाली आणि तिने छातीवर क्रूस काढला.

ओबदुलियाच्या नवऱ्याच्या जिभेबद्दल आमच्या आनाल्को वस्तीत कुणाला सांगावं लागत नाही, पण तुम्हाला सांगायला हवं. एवारिस्तो टॅक्सी चालवतो. आमच्या पुएब्ला शहरात बाहेरचे लोक येतात ते चर्च बघायला म्हणून येतात, पण दुसऱ्या दिवसापासून त्यांना एकच खूळ लागतं. खरं मेक्सिकन जेवण कुठे मिळतं ते सांगा, इथले लोक जेवतात तिथे न्या. चौकातल्या छत्र्यांखाली ते आधी बसून आलेले असतात. तिथे मोठी टोपी घातलेला वेटर येतो, गिटारवाला येतो, पिवळं चीज येतं आणि शेवटी बिल येतं. जेवण तेवढं येत नाही. मग हॉटेलातली माणसं एवारिस्तोला फोन लावतात.

एवारिस्तो त्यांना गाडीत घालून सरळ आमच्या गल्ल्यांत आणतो. कुणाच्या उंबऱ्यात तवा मांडलेला असतो, कुणाच्या गॅरेजात दोन बाकडी टाकलेली असतात. तिथे पहिला घास तो स्वतः घेतो, उभ्यानेच, डोळे मिटून. त्याने मान हलवली की मंडळी बसतात. नाही हलवली तर तो कागदाला बोटं पुसतो, "चला" म्हणतो आणि आलेली माणसं घेऊन निघून जातो. कारण सांगत नाही. ज्या बाईच्या तव्यासमोर तो एकदा "चला" म्हणाला, ती आठवडाभर शेजारणींशी धड बोलत नाही. पुढच्या आठवड्यात लोणी बदलते, मिरच्या बदलते, आणि तो परत येईल म्हणून वाट बघत बसते.

बाहेर कारण न सांगणारा हा माणूस घरी मात्र कारणं द्यायचा. भातात पाणी अर्ध्या पळीने जास्त. घेवड्यात पाला उशिरा पडला. माझ्या मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाला ओबदुलियाने अख्ख्या गल्लीसाठी मोले रांधलं होतं, टर्कीवर ओतायचा तो दाट काळपट रस्सा. तीन दिवस मिरच्या भाजून तिचे डोळे सुजले होते. लोक बोटं चाटत होते. हा सगळ्यांसमोर म्हणाला, "तीळ चिमूटभर जास्त भाजले गेलेत." ती नाताळपर्यंत त्याच्याशी बोलली नाही. मी मुलीची आई आणि ओबदुलिया तिची धर्ममाता, म्हणजे आम्ही दोघी एकमेकींच्या कोमाद्रे. मला तिचीच बाजू घेणं भाग होतं. पण खरं सांगायचं तर तीळ जरा जास्तच भाजले गेले होते.

तर असा हा माणूस शेवयांच्या सूपाचं कौतुक करत होता.

"आजारपणानंतर माणसं मवाळ होतात," मी म्हणाले. त्या साथीच्या तापात ती दोघंही पडली होती. मी रोज त्यांच्या दाराशी रश्श्याचं भांडं ठेवून यायचे. दोघांच्याही तोंडाची चव गेली होती. ओबदुलियाची पंधरवड्यात परतली. शेजारच्या घरातला कॉफीचा वास आला म्हणून ती अंथरुणात बसून रडली होती. आपलीही आली म्हणून एवारिस्तोने सांगितलं होतं.

"मीही तसंच समजले आधी, तो जेवणाला बरं म्हणायला लागला तेव्हा," ती म्हणाली. "पण मग नवे शर्ट आले. दिवसातून तीनदा शर्ट बदलतो. आणि कोलोन एवढं ओततो अंगावर की पिंजऱ्यातला पक्षी शिंकतो. ह्या वयात, कोमाद्रे. पाठीला कुबड यायला लागलंय त्याच्या."

 त्यातून गल्लीत वेगळीच कुजबुज चालू होती. कोपऱ्यावरच्या मासेदोनियोने काही महिन्यांपासून हात आखडता घेतला होता. मासेदोनियो सेमिता विकतो, तिळाच्या गोल पावात कटलेट, चीज आणि अवाकाडो भरून. हल्ली त्याचं तेल जुनं असायचं, चीज पाकिटातलं असायचं. आम्ही सगळ्यांनी त्याच्याकडे जाणं सोडलं होतं. एवारिस्तो मात्र परगावची माणसं घेऊन तिथे जायचा, डोळे मिटायचा आणि मान हलवायचा. खाटीक उघडच म्हणत होता की एवारिस्तोला हप्ता मिळतो.

मी हे भीत भीत ओबदुलियाला सांगितलं. तिने पुतळ्याच्या झग्याची कड बोटांनी सारखी केली.

"बाई असेल तर तिला मी बघून घेईन," ती म्हणाली. "पण चवीच्या बाबतीत खोटं बोलत असेल तर मात्र कठीण आहे."

---

माझ्या चुलतभावाची पाव पोचवायची व्हॅन आहे. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी तिच्या मागच्या भागात, गोड पावांच्या टोपल्यांमध्ये बसून एवारिस्तोच्या टॅक्सीच्या मागे निघालो. चुलतभाऊ गाडी अशी हाकत होता की वळणावळणाला आमच्या मांडीवर पाव येऊन बसायचे. बाजाराशी उतरलो तेव्हा आमच्या केसांत साखर होती आणि एका पोलिसाने आम्हाला थांबवून तब्येत विचारली.

एवारिस्तो जडीबुटीवाल्यांच्या रांगेत गेला. तिथे पेर्पेतुआ बसते, दोनदा विधवा झालेली, अंगाने भरलेली आणि आवाजाने त्याहून. तिने त्याला पिढ्यावर बसवलं. आम्ही समोरच्या झाडूवाल्याच्या ढिगामागे उभ्या राहिलो. तिने एक जुडी उचलली आणि त्याच्या नाकाखाली धरली.

"फुलं हुंगवतेय त्याला," ओबदुलिया दातांतून म्हणाली.

"फुलं नाहीत ती. पापालोचा पाला आहे." पापालोचा उग्र वास रस्ता ओलांडून आमच्यापर्यंत येत होता.

एवारिस्तोने डोळे मिटून श्वास घेतला आणि नकारार्थी मान हलवली. तिने दुसरी जुडी धरली. पुन्हा तेच. मग तिने कांदा चिरून त्याच्या तोंडापुढे धरला. पेर्पेतुआच्या स्वतःच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. हा आपला फळ्यावरचं गणित न सुटलेल्या पोरासारखा बघत राहिला. शेवटी तिने कांदा खाली ठेवला आणि त्याचा गाल थोपटला.

"गाल," ओबदुलिया म्हणाली.

"सांत्वन करतात तसा थोपटला गं."

"कसलं सांत्वन? घरी मी आहे ह्याचं?"

मी तिला धरलं नसतं तर झाडूवाल्याचे झाडू त्या दिवशी कामाला आले असते. व्हॅनमध्ये परत येताना ती टोपल्यांतले पाव रागारागाने रचत होती. घर आल्यावर म्हणाली, "रविवारी जेवायला ये. साक्षीला कुणीतरी हवं. मी मोले करणार आहे."

---

रविवारी तिने केलं त्याला मोले म्हणणं हा त्या पदार्थाचा अपमान आहे. मी स्वयंपाकघरात शिरले तेव्हा ती भांड्यात मुठीने मीठ टाकत होती. चॉकलेटच्या जागी कॉफीचा चोथा पडला होता. आणि माझ्या डोळ्यांदेखत तिने कपाटातून बाटली काढली, पोरांना धरून पाजतात त्या माशाच्या तेलाच्या टॉनिकची, आणि ती उपडी केली.

"हे खाऊन त्याने कौतुक केलं," ती म्हणाली, "तर समज की ती बया त्याच्या मनात भरलीय. माझ्याशी गोड राहायचं म्हणून तो विषसुद्धा चाटेल."

एवारिस्तो नवा शर्ट घालून टेबलाशी बसला. ओबदुलियाने त्याचं ताट भरलं. मग माझंही भरलं. मी तिच्याकडे बघितलं, पण तिची नजर त्याच्या तोंडावर होती आणि मला वाचवायला कुणी नव्हतं.

त्याने मक्याच्या पोळीचा, तोर्तियाचा, तुकडा तोडला, रश्श्यात बुडवला, डोळे मिटले, चावला, गिळला. मग नेहमीसारखी मान हलवली.

"ओबदुलिया," तो म्हणाला, "आज तू कमाल केलीस. हे खरं मोले. तुझ्या आईलाही असं जमलं नसतं."

माझ्या तोंडात तोवर पहिला घास गेला होता. त्या घासाचं वर्णन मी करणार नाही. मी उठले, मोरीपाशी गेले आणि तिथेच उभी राहिले.

 वळून बघितलं तर ओबदुलियाच्या हातात डाव तसाच होता आणि तिच्या चेहऱ्यावरचा राग कुठेतरी निघून गेला होता. तिने डावातलं थोडं बोटावर घेऊन जिभेला लावलं. तोंड वाकडं झालं. तिने नवऱ्याकडे बघितलं. तो दुसरा तुकडा बुडवत होता.

"थांब," ती म्हणाली. "खाऊ नको ते."

"का? चांगलं आहे."

"त्यात माशाचं टॉनिक आहे, एवारिस्तो."

त्याचा हात ताटावरच राहिला. बाहेर गॅसच्या टाक्या विकणारा ओरडत गेला.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"तापापासून."

"तू म्हणालास परत आली."

"सगळ्यांची येत होती. मला वाटलं, माझीही येईल दोन-चार दिवसांत. आधीच सांगून टाकलं."

"काहीच कळत नाही?"

"गरम कळतं. गार कळतं. मऊ, कडक. मिरची जाळते तेवढी. बाकी सगळं ओला पुठ्ठा." त्याने बोटं कागदाला पुसली. "मला माझाच वास येत नाही गं. गिऱ्हाईकं बंद गाडीत माझ्या शेजारी बसतात. म्हणून ते शर्ट."

"आणि पेर्पेतुआ?"

त्याने माझ्याकडे बघितलं. आम्हा दोघींच्या त्या दिवशीच्या केसांतल्या साखरेचा उलगडा त्याला बहुतेक आत्ता झाला. "तिचं म्हणणं, रोज हुंगत राहिलं की नाक पुन्हा शिकतं."

"शिकलं काही?"

"एकदा वाटलं होतं. संत्र्याची साल होती. पण ती संत्रं आहे म्हणून तिनेच आधी सांगितलं होतं."

ओबदुलिया खुर्चीवर बसली. मला तिथून निघून जायला हवं होतं, पण दार त्या दोघांच्या पलीकडे होतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं की खरं झालं असतं. आणि मग मी कोण? टॅक्सी काय, सगळेच चालवतात."

"मग कौतुक कशाला करत होतास? गप्प बसायचं."

"नाव ठेवायचं तर काय चुकलंय ते कळायला हवं. कौतुकाला काही कळावं लागत नाही."

ती थोडा वेळ टेबलावरचा टॉनिकचा ठिपका बोटाने पुसत बसली. मग हळूच विचारलं, "म्हणजे ते शेवयांचं सूप?"

"गरम होतं," एवारिस्तो म्हणाला.

मी ओबदुलियाला तीस वर्षं ओळखते. तिला संशयाने जेवढं जाळलं होतं त्याच्या दुप्पट ह्या दोन शब्दांनी जाळलं, हे मला मोरीपाशी उभ्या उभ्या दिसलं. संशय होता खरा, पण इतके दिवस ताटावर बसून कुणीतरी वाहवा करत होतं. तेही गेलं.

"आणि त्याआधी?" तिचा आवाज चढला. "त्याआधी तर जीभ होती ना तुझी. तीस वर्षं एक दिवस धड बोलला नाहीस. तीळ, पाणी, पाला. एक दिवस नाही."

"वाईट जेवणाबद्दल मी कधी कुणाला काही बोललोय?" तो म्हणाला. "वाईट असलं की मी उठून जातो. तुझ्या टेबलावरून कधी उठलो का?"

ओबदुलिया उठली. तिने मोलेचं भांडं उचललं, मला बाजूला सारून मोरीत ओतलं आणि नळ सोडला. रस्सा केव्हाच वाहून गेला, तरी ती पाठमोरी नळाखाली भांडं धरून उभी होती.

मग न वळता म्हणाली, "उद्यापासून मी पुढच्या सीटवर बसणार."

"बायको शेजारी बसवून कोण टॅक्सी चालवतो?"

"ज्याला चव कळत नाही तो."

---

त्यांनी खुणा ठरवल्या. ओबदुलियाने कानाची पाळी ओढली तर मीठ चुकलं. नाक खाजवलं तर तेल शिळं. खांद्यावरची शाल सारखी केली तर सगळं ठीक, मान हलव. घास दोघं एकदमच घ्यायची. लोकांना वाटायचं, काय प्रेमाचं जोडपं आहे.

पहिला आठवडा वाईट गेला. आमच्या वस्तीतल्या सगळ्यांत चांगल्या तव्यापाशी ओबदुलियाच्या नाकावर माशी बसली. तिने ती हाकलली. एवारिस्तोने कागद उचलला आणि "चला" म्हणाला. तव्यावरच्या बाईच्या हातातून उलथनं पडलं. मंडळी गाडीत बसेपर्यंत ओबदुलिया एवढ्या वेळा शाल सारखी करत होती की एका बाईने तिला थंडी वाजतेय का विचारलं. संध्याकाळी जाऊन एवारिस्तोला त्या बाईची माफी मागावी लागली, आणि त्याने आयुष्यात पहिल्यांदा माफी मागितली म्हणून ती आणखीच घाबरली.

दुसरी अडचण ओबदुलियाच्या स्वभावाची होती. तिला स्वयंपाकिणींची दया यायची. घरी परतताना गाडीत त्यांचं भांडण व्हायचं, ते ती मला येऊन सांगायची.

"ती बिचारी पहाटेपासून पायांवर उभी आहे."

"तिचे पाय नको सांगू. रस्सा सांग."

"रस्सा बरा आहे."

"बरा म्हणजे काय? बरा असा रस्सा नसतो."

"थोडा पातळ. पण पाय सुजलेत तिचे."

हळूहळू मात्र तिला ते जमायला लागलं. एक दिवस ती माझ्याकडे शिवायला आली आणि बोलता बोलता म्हणाली की चौकाजवळच्या नव्या बाईच्या हिरव्या रश्श्यात भोपळ्याच्या बिया कच्च्या राहतात. मग स्वतःच दचकून गप्प झाली. एवारिस्तोच बोलतोय असं आम्हा दोघींनाही वाटलं होतं.

राहिला होता मासेदोनियो. तिथे जायचं ती टाळत होती. मासेदोनियोची बायको अंथरुणाला खिळलेली, दुकान तो एकटा ओढत होता. पण खाटकाची जीभ थांबत नव्हती, आणि हप्त्याची गोष्ट आता हॉटेलवाल्यांपर्यंत गेली होती. फोन कमी झाले होते.

अशात एका रविवारी हॉटेलातून बोलावणं आलं. ओबदुलियाने मला हट्टाने बरोबर घेतलं. मासेदोनियोकडे जायचं ठरलं होतं आणि तिला धीर हवा होता. गाडीत एक म्हातारा आणि त्याची लेक होती. म्हाताऱ्याचं नाव फाउस्तिनो. तो पोरवयात आमच्याच वस्तीतून उत्तरेला न्यूयॉर्कला गेला, तिथे भांडी घासली, मग इमारतींच्या काचा पुसल्या, आणि आता मरायच्या आधी इथलं एकदा खाऊन जावं म्हणून आला होता.

"तीन दिवस झाले," मागे माझ्या शेजारी बसलेली लेक मला सांगायला लागली. "मोठ्या हॉटेलात नेलं, बाजारात नेलं. सगळीकडे एक घास खातात आणि ताट सरकवतात. म्हणतात, हे नाही."

"नाहीच ते," म्हातारा खिडकीतून बाहेर बघत म्हणाला. "छान होतं. पण ते नव्हतं."

"काय पाहिजे तुम्हाला, साहेब?" एवारिस्तोने आरशात बघत विचारलं.

"ते सांगता आलं असतं तर न्यूयॉर्कलाच करून खाल्लं असतं."

मासेदोनियोच्या दुकानासमोर गाडी थांबली तेव्हा खाटीक आपल्या दारात हाताची घडी घालून उभा होता, आणि आणखी दोघं-तिघं काही काम नसताना रस्त्यावर रेंगाळत होते. म्हातारा दमून बाकड्यावर बसला म्हणून आम्ही सगळेच बसलो, आणि मासेदोनियोने सगळ्यांपुढे सेमिता मांडल्या. एवारिस्तो आणि ओबदुलियाने एकदम घास घेतला. एवारिस्तोने डोळे मिटले. डावा किंचित उघडा होता.

ओबदुलिया बराच वेळ चावत राहिली. मासेदोनियो तिच्याकडे बघत नव्हता, एवारिस्तोकडे बघत होता. शेवटी तिने नाक खाजवलं. नीट, सावकाश, चुकून माशी समजली जाऊ नये असं.

एवारिस्तोने पाव खाली ठेवला. कागदाला बोटं पुसली.

"चला," तो म्हणाला.

खाटकाची हाताची घडी सुटली. मासेदोनियो कढईकडे वळला आणि त्याने उगाचच झारा हातात घेतला. आम्ही उठलो. म्हातारा उठला नाही.

त्याने नियम पाळला नव्हता; कुणी मान हलवायची वाट न बघता तो खात सुटला होता. अर्धी सेमिता संपली होती आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

"बाबा?" लेक घाबरली. "तिखट लागलं का?"

"हेच," म्हातारा तोंडात घास असतानाच म्हणाला. "हाच वास. आमच्या आईच्या कढईचा. ती तेल कधी टाकायची नाही, आठवडा आठवडा तेच. तीन दिवस सगळे मला ताज्या तेलातलं खायला घालतायत."

मासेदोनियो वळला. त्याच्या चेहऱ्यावर आधी भीती होती, मग हळूहळू तिथे अभिमान आला.

"माझंही परवाचं आहे, साहेब," तो म्हणाला.

रस्त्यावर कुणीतरी हसलं आणि खोकल्याचं सोंग केलं. एवारिस्तोने बायकोकडे बघितलं. आता ह्याला खूण ठरलेली नव्हती. ओबदुलिया खाली बसली आणि तिने आपले दोन्ही हात मांडीवर ठेवले. मग तोही बसला. एकदा "चला" म्हटल्यावर एवारिस्तो परत बसला, असं आनाल्कोत त्याआधी कुणी बघितलेलं नव्हतं.

"ह्यांना अजून एक दे," तो मासेदोनियोला म्हणाला. "ह्याच तेलातलं. आणि हे गेले की ती कढई ओतून टाक."

"टाकतो."

"चीजही पाकिटातलं आहे." हे त्याने कशावरून सांगितलं मला माहीत नाही; रिकामं पाकीट बहुधा त्याला मागे दिसलं असावं.

"तेही बघतो," मासेदोनियो म्हणाला.

परतताना गाडीत म्हातारा पोटावर हात ठेवून तृप्त बसला होता. हॉटेल जवळ आल्यावर त्याने पुढे वाकून विचारलं, "तुम्ही तर उठला होतात. तुम्हाला काय खटकलं त्यात?"

एवारिस्तोने ब्रेक लावला. पुढे सिग्नल लाल होता.

"मला ते ओळखता आलं नाही, साहेब," तो म्हणाला. "तुम्हाला आलं."

ओबदुलिया खिडकीबाहेर बघत होती. तिने हात पुढे करून त्याच्या शर्टाची कॉलर सरळ केली.

---

संध्याकाळच्या आत गल्लीभर झालं की एवारिस्तोला विकत घेणारा अजून जन्मायचाय, आणि खाटीकच ते सगळ्यांत मोठ्याने सांगत होता. मासेदोनियोने कढई ओतली. फोन परत यायला लागले. पेर्पेतुआकडे आता ओबदुलिया स्वतः जाते, जुड्या आणते आणि रोज सकाळी कॉफीच्या आधी एकेक त्याच्या नाकाखाली धरते. तो डोळे मिटून हुंगतो, मान हलवतो, ती पुढची घेते. त्या दोघी आता इतक्या घट्ट मैत्रिणी झाल्यात की मला थोडं वाईट वाटतं.

ऑगस्टमध्ये ओले अक्रोड आले. ह्या दिवसांत आमच्याकडे मोठ्या मिरच्यांत मांस आणि फळं भरतात, वरून अक्रोडाची पांढरी दाट चटणी ओततात आणि डाळिंबाचे दाणे पेरतात. अक्रोडाची साल एकेक करून सोलावी लागते, नाहीतर कडू होतं. मी आणि ओबदुलिया सकाळभर सोलत होतो. बोटं काळी पडली. एवारिस्तो आमच्यात बसून सोलत होता, आणि साल पूर्ण निघाली की नाही हे बोटाने चाचपून बघत होता.

जेवायला आम्ही तिघंच होतो. ओबदुलियाने वाढलं. त्याने मिरचीचा एक तुकडा कापला, तोंडात घातला आणि काटा खाली ठेवला. तिनेही घास घेतला.

"आधी डाळिंब," ती चावता चावता हळू आवाजात म्हणाली. "आंबटगोड. ते लगेच जातं. आता अक्रोड. थंड आहे, दुधासारखं."

तो चावत होता.

"मग मांस. त्यात नाशपाती आहे, थोडी दालचिनी. मिरची अजून नाही आली." ती थांबली. "आता आली. तिखट नाही, हिरवी नुसती. मीठ एक कण कमी आहे, माझ्याकडून राहिलं."

"एक कण?" त्याने विचारलं.

"एकच."

त्याने मान हलवली आणि दुसरा तुकडा कापला. तिचा घास गिळून होईपर्यंत तो आपला तोंडात धरून थांबायचा, आणि ती पुढचा घ्यायची तेव्हाच पुढचा घ्यायचा. मी माझ्या ताटाकडे बघत, आवाज न करता, जमेल तेवढं सावकाश जेवले.